बुधाचा हिरवा खडा

नव्वदच्या दशकात टेंभुर्णीत वडिलांना लकवा झाला. शरीराची उजवी बाजू गेली आणि तिच्यासोबत बोलणंही. जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, वाचा परत येईल किंवा येणारही नाही. वडिलांना सगळं समजत होतं. शब्द मात्र निघत नव्हता. ते पुन्हा बोलतील का, हा एकच प्रश्न घरात होता.

आत्या राजूरला दिलेली. चतुर्थी झाल्यावर ती आली ती पदराच्या टोकाला पाचूचा खडा बांधूनच. आमच्या भागात खड्यांची माहिती बहुतेकांना असते, तशी तिलाही होती. तांबडं पोवळं मंगळाचं, ते धाडस देतं. पिवळा पुष्कराज गुरूचा. लग्न अडलेल्या मुलींच्या बोटात तो दिसतो. निळा शनीचा. तो आधी उशाखाली ठेवून पाहतात आणि स्वप्न वाईट पडलं तर परत करतात. हिरवा बुधाचा, आणि बुध म्हणजे वाचा.

मी खडा उन्हात धरून पाहिला. ज्वारीचा पोंगा उकलला की आतल्या पानाचा जो रंग दिसतो तो, पण खोल. आत केसाएवढी चीर होती. तिच्यावर ऊन पडलं की हिरवं हलल्यासारखं वाटे. दगडात ओल आहे असं वाटून मी बोट फिरवलं. कोरडा होता.

खडा कातडीला लागला पाहिजे म्हणून सोनाराने अंगठी बुडाला उघडी ठेवली. बुधवारी सकाळी ती कच्च्या दुधात बुडवून काढली. पत्रिका पाहणाऱ्या जोशीबुवांनी पुरुषाच्या उजव्या हाताची करंगळी सांगितली होती. वडिलांचा उजवा हात मांडीवर पडलेला असे. चिमटा काढला तरी त्याला कळत नसे.

"डाव्यात घाला," आई म्हणाली. "त्या हाताला काहीच कळत न्हाई. खडा तिथं काय करन?"

"वहिनी, डावा बायकांचा. उलटं व्हायचं काही."

"व्हायचं ते होऊन बसलंय. आनखी काय उलटं व्हनार?"

"आन जोशीबुवाला काय सांगू?"

"त्याला म्हनाव, इथं येऊन बस या हातापशी."

आत्या हसली. "तुमच्या तोंडाला हिरवा खडा बिलकुल नको, वहिनी."

आईने अंगठी डाव्या करंगळीत सरकवली. वडिलांनी हात हिसकला. पुन्हा घातली, तर त्यांनी ती दातांनी ओढून मांडीवर पाडली. त्यांचा विश्वास नाही, असं आईला वाटलं.

"ऱ्हाऊ द्या मंग," म्हणत ती अंगठी उचलू लागली. वडिलांच्या गळ्यातून घरघर आली. ओठ एका बाजूला ओढले गेले.

"उज... व्या."

आत्याच्या हातातली दुधाची वाटी तशीच राहिली.

वाचा त्याच सुमारास येणं शक्य होतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. ते बरोबर असेल. खडा तर वडिलांनी अंगावर टिकूही दिला नव्हता. मला अजून उलगडत नाही ते वेगळंच आहे. धडधाकट हात सोडून त्या माणसाने तो हिरवा रंग मेलेल्या हातासाठी मागितला.

आईने अंगठी उजव्या करंगळीत घातली. वडिलांनी डाव्या हाताने तो हात उचलून दारातल्या उन्हात नेला. शेजारच्या बोटावर हिरवा ठिपका पडला. ते त्याच्याकडे बघत राहिले. आम्हीही.

"दादा," आत्याने हळूच विचारलं, "काही लागतंय का हाताला?"

"न्हाई," वडील म्हणाले, आणि हात उन्हातच धरून ठेवला.