नांगरावरची गाडी

दिलेल्या शब्दाला माझ्या व्याह्यांइतका जागणारा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि दिलेल्या शब्दातून त्यांच्याइतकं अलगद अंग काढून घेणाराही सापडायचा नाही. ही दोन्ही माणसं एकाच सदऱ्यात कशी मावतात हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. कळलं ते त्यांच्या गाडीमुळे. मुलगी देताना मी त्यांचं घर पाहिलं, हापूसची कलमं पाहिली, मुलाची पुण्यातली नोकरी पाहिली. व्याह्यांच्या डोक्यात स्पोर्ट्‌स कार आहे का, हे बघायला कुठलाच बाप जात नाही.

व्याही आयुष्यभर बोटीवर होते. चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे गाव त्यांना चीफ म्हणतं आणि मीही तेच म्हणतो. जमिनीवर येऊन इतकी वर्षं झाली तरी बोट काही त्यांच्यातून उतरलेली नाही. स्वयंपाकघराला ते गॅली म्हणतात, पाऊस लागला की ‘वेदर बिघडलं’ म्हणतात, आणि चहात साखर जास्त पडली तर करणाऱ्याकडे असं बघतात की आता याला पुढच्या बंदरात उतरवणार. वहिनी होत्या तोवर हे सगळं घरातल्या घरात राहिलं. त्या गेल्या. त्यांचं वर्षश्राद्ध आटोपलं आणि चीफनी मुंबईच्या कुणा हौशी माणसाकडून एक जुनी स्पोर्ट्‌स कार उचलून आणली. पिवळीजर्द, दोन दारांची, आणि इतकी बुटकी की आत शिरताना पाटावर जेवायला बसतोय असं वाटावं. आमचे रस्ते आणि ती गाडी यांची पत्रिका कधीच जुळली नाही. गतिरोधक दिसला की वजन कमी व्हावं म्हणून चीफ मला खाली उतरवत. व्याह्याला असं भर रस्त्यात कुणी उतरवतं का? पण मी पडलो मुलीकडचा! निमूट उतरायचो, गतिरोधक पायी ओलांडायचो आणि पलीकडे पुन्हा जाऊन बसायचो.

गाडीत खोट एकच होती. गाडी बंद करून दार उघडलं की स्टिअरिंगला आपोआप कुलूप लागायचं. ते हल्ली पुष्कळ गाड्यांना लागतं, पण हिचं पुन्हा उघडायचं की नाही हे मात्र तिच्या मर्जीवर होतं. गाडी सुरू करायचं बटण दाबलं की समोर पिवळा दिवा लुकलुकायचा, आत कुठेतरी उंदीर फळी कुरतडतोय असा आवाज व्हायचा आणि स्टिअरिंग ढिम्म. मग चीफ दोन्ही हातांनी ते डावी-उजवीकडे हिसडत आणि मला हुकूम सोडत. “व्याहीबुवा, दाबा! सोडा! आता दाबा! अहो, दाबा म्हणतोय ना!” जन्मभर सरकारी कचेरीत मी स्वतःहून एक कागद पुढे सरकवला नसेल, पण या बटणापायी माझ्या अंगठ्याला घट्टा पडला. कोल्हापूरच्या मेकॅनिकने ते लॉक बदलूनही पाहिलं. नवं लॉक महिनाभर पाहुण्यासारखं वागलं आणि मग घरचंच झालं. तरीही गाडी बंद पडली असं म्हटलेलं चीफना खपत नसे. “बंद पडलेली नाही,” ते शांतपणे सांगत, “नांगरावर आहे.”

नांगर कुठे पडेल याचा नेम नव्हता. गणपतीपुळ्याला ऐन संकष्टीच्या गर्दीत तो पडला तेव्हा लोकांनी दर्शनाची रांग सोडून गाडीभोवती रांग लावली. कुणी फोटो काढले, कुणी लिंबू बांधायला सांगितलं. एक फुलवाली टोपली खाली ठेवून पुढे आली. “हँडल अडकलां काय ओ? नारळ वाढवा पुढ्यात, सुटंल.” चीफनी तिच्याकडूनच नारळ घेऊन वाढवला. खोबरं सगळ्यांनी मिळून खाल्लं, पण गाडी जागची हलली नाही.

सगळ्यांत कडी झाली ती जयगडच्या फेरीबोटीवर. खाडीपलीकडे माझ्या भाच्याचं लग्न होतं. गाडी बोटीवर चढली, चीफ ती बंद करून वारा खायला बाहेर पडले आणि पलीकडचा धक्का लागला तेव्हा कुलूप उघडेना. बाकीच्या गाड्या अंग चोरून आमच्या बाजूने उतरल्या, पलीकडच्या चढल्या आणि आम्ही परत जयगडला. तिथून पुन्हा पलीकडे. मग पुन्हा जयगड. अशा किती फेऱ्या झाल्या देव जाणे. इस्त्रीच्या कपड्यांत, मांडीवर आहेराची पिशवी घेऊन, मी त्या पिवळ्या गाडीत तळमळत होतो. मुहूर्त टळला, पंगती उठल्या असतील, मामा म्हणून माझी शोभा झाली असेल! आणि चीफ कुठे? तर खाली इंजिनाशी. कुठला नट ढिला आहे ते खलाशांना समजावत होते. वर आले तेव्हा हात कोपरापर्यंत काळे, पांढरे केस वाऱ्यावर उभे, आणि चेहरा असा फुललेला की इतका सुखी माणूस मी कुठल्या बोहल्यावरही पाहिलेला नाही. शेवटी केव्हातरी लॉक आपलं आपण उघडलं. तेव्हा चीफ हिरमुसले हो!

असं सगळं मजेत चाललं होतं आणि या आषाढात चीफ अंगणातल्या शेवाळावर घसरून पडले. कंबरेत अशी उसण भरली की उठता येईना, आणि पावसाच्या आवाजात हाक फाटकापर्यंतही पोचेना. मासळी घेऊन येणाऱ्या बाईने त्यांना पाहिलं म्हणून बरं. “अगो बाय! आबा, असे काय पडलाव?” ती ओरडली. हे पालथे पडल्या पडल्या म्हणाले, “वेदर बघतोय.” हाड मोडलेलं नव्हतं. पण पुण्याहून मुलगा आणि सून धावत आली, आणि आता आबांना इथे एकटं ठेवायचं नाही यावर दोघंही अडून बसली. खूप वादावादी झाली, माझी मुलगी रडली, तेव्हा कुठे चीफनी शब्द दिला, “गाडी विकली की येतो पुण्याला. तिला बेवारस टाकून मात्र यायचा नाही.” मुलाने त्याच संध्याकाळी मोबाइलवर गाडीची जाहिरात टाकली.

गिऱ्हाइकं भराभर यायला लागली. कोल्हापूरहून आली, पनवेलहून आली, एक तर थेट नाशिकहून आलं. सगळे गाडीवरून प्रेमाने हात फिरवत, आत बसत, बटण दाबत, आणि पिवळा दिवा लुकलुकायला लागे. “काय करणार, सकाळी तर छान चालली होती,” चीफ हळहळत आणि त्यांना कोकम सरबत देऊन वाटेला लावत. इकडे मुलगी मला फोनवर धारेवर धरी. “बाबा, तुम्ही तिथेच असता ना? मग एवढं एक कुलूप दुरुस्त करून घेता येत नाही? आबा पुन्हा पडले तर?” पोरीचं काही चुकत नव्हतं. पावसाची सर आली की मलाही ते अंगण डोळ्यांसमोर येई. मग मी काहीतरी निमित्त काढून त्यांच्या फाटकाशी जायचो, चीफ आत हिंडताना दिसले की माघारी फिरायचो.

एकदा असंच एक गिऱ्हाईक हात हलवत परत गेल्यावर मी माझी चप्पल शोधायला वाकलो आणि गाडीचं पुढचं चाक दिसलं. ते तिरकं वळवून अंगणाच्या कडेच्या चिऱ्यावर घट्ट रेटलेलं होतं. चिऱ्याचा लाल कोपरा रबराने काळा पडला होता. इतक्या वर्षांच्या दाबा-सोडामधून मला एवढं नक्की कळलं होतं की चाकावर ताण असला की ते कुलूप काही केल्या उघडत नाही. मी मान वर केली. चीफ माझ्याकडेच बघत होते.

“कळलं वाटतं,” ते म्हणाले.

“चीफ, अहो शब्द दिलाय तुम्ही!”

“मग मोडलाय का? गाडी विकली की जाणारच. घेऊ नका असं मी कुणाला म्हटलं?” मग त्यांचा आवाज जरा खाली आला. “इथे मी चीफ आहे, व्याहीबुवा. तिथे सातव्या मजल्यावर काय? बसवतील तिथे बसायचं.”

मी मुलीला काही बोललो नाही. बोललो असतो तर मुलीचा जीव भांड्यात पडला असता आणि यांचं घर सुटलं असतं. गप्प राहिलो तर रोजचा घोर माझ्या मानेवर होता. तो मी घेतला, कारण हा माणूस मला हवा होता.

गणपती झाल्यावर चिपळूणचे एक डॉक्टर आले. भला माणूस, गाडी आवडली, बोलणीही झाली. त्यांनी बटण दाबलं आणि पिवळा दिवा लुकलुकला. मी चीफना हळूच डोळा मारला. चीफ माझ्यावर खेकसले, “डोळे काय मिचकावता? या इकडे, दाबा!” मी दाबल्यासारखं केलं. “अहो नीट दाबा! आज खरंच अडकलंय!” काय हा अभिनय! मला हसू आवरेना. तेव्हा चीफनी मला दंडाला धरून खाली वाकवलं. चाक सरळ होतं. चिऱ्यापासून चांगलं हातभर लांब. मग मात्र मी अंगठा मोडेपर्यंत दाबलं, चीफनी खांदे निखळेपर्यंत हिसडलं, डॉक्टरांनीही बाह्या सरसावल्या. कुलूप उघडलं नाही. डॉक्टर दिलगिरी व्यक्त करून निघून गेले.

चीफ स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसून राहिले. “काल सूनबाईचा फोन आला होता,” ते म्हणाले. “गाडीबद्दल चकार शब्द काढला नाही तिने. म्हणाली, आबा, अवेळी फोन वाजला की माझे हातपाय गार पडतात. दुसऱ्याची लेक, तिला का म्हणून हा घोर? म्हणून आज सरळ लावली होती गाडी.” ती दुसऱ्याची लेक माझीच होती. मला तिचा अभिमान वाटला, आणि गाडी गेली नाही याचा आनंदही झाला. पण चीफ आता जाणार हेही त्याच क्षणी कळलं.

नवरात्राच्या आत ते पुण्याला गेलेसुद्धा. गाडी न विकताच. “शब्दाचं काय मग?” मी विचारलं. “शब्द सूनबाईला दिला होता, गाडीला नाही,” ते म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. रोज एकदा बटण दाबून बघायचं आणि उघडलं की कळवायचं, मग विकून टाकू, असं ठरलं.

आमच्या दोघांच्या नातीला शाळेच्या बसमध्ये बसवून आले की त्यांचा मला रोज फोन येतो. “उघडलं का?” ते विचारतात. आता खरं सांगायचं तर चीफ गेल्यापासून ते कुलूप दर दिवशी पहिल्या दाबाला उघडतं. एकदासुद्धा अडकलेलं नाही. चिपळूणचे डॉक्टर आजही यायला तयार आहेत.

“कुठलं हो,” मी सांगतो, “ढिम्म आहे. तुम्ही आल्याशिवाय नाही उघडायची ती.”

“मी म्हटलं नव्हतं?” पलीकडचा आवाज एकदम ताठ होतो. “कुणाला हात लावू देऊ नका. दिवाळीला मीच येतो.”

“या लवकर,” मी म्हणतो, आणि तेवढं मात्र खरं बोलतो.