दुसरा कप

इथे आखातात, सलमाबादच्या गॅरेजबाहेर चहाला लवंगेचा वास आला आणि मी एकदम टांझानियाच्या किनाऱ्यावर पोचलो. तेव्हा पंचविशीत होतो, मोटरसायकलवर एकटाच हिंडत होतो आणि त्याचा केवढा माज होता! टपरीवरच्या म्हातारीने माझ्यापुढे दोन कप ठेवले. मागच्या रिकाम्या रस्त्याकडे बोट करून खुणेनेच विचारलं, कोण येतंय? इतक्या लांब कुणी एकटं येईल, हे तिला पटेना. मी गंमत म्हणून मान डोलावली. ती कपाळाशी हात धरून उन्हात वाट बघत राहिली. दुसऱ्या कपावर साय धरली.

इथे गॅरेजबाहेर मी एकटाच चहा पीत होतो, इतक्यात रत्नागिरीहून आईचा फोन आला. “वाढदिवसाला एकटाच नाहीस ना रे?”

“नाही गो. येतायत सगळे मागून.”

“मग आले की दे त्यांच्याकडे फोन,” आई म्हणाली. “मी थांबते.”