बोटवाल्याचा भात

बोटवाल्याच्या खानावळीत कुणाचंही स्वागत होत नसे. आत शिरणाऱ्या माणसाकडे तो असा बघायचा की, आपण जेवायला आलो आहोत की याची भांडी पळवायला, असा ज्याचा त्यालाच प्रश्न पडावा. 'या' हा शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नाही. "हात धुतलंस?" एवढंच तो विचारायचा, तेही चुलीकडे तोंड करून. धुतले म्हटलं तरी त्याचा विश्वास बसत नसे. दाराशी पाण्याचं पिंप होतं. बोटवाल्यासमोर हात धुवायचे, ओले हात त्याला दाखवायचे, मगच बाकावर बसायचं. कोर्टाच्या कामाला आलेले वकील तसे हात दाखवत उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

पांढरकवड्याला नागपूर-हैदराबाद सडकेच्या कडेला, ट्रक थांबत तिथं, त्याचं पत्र्याचं छप्पर होतं. तो मूळचा मालवणसमोरच्या समुद्रातल्या एका लहान बेटावरचा. वीस वर्षं बोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी होता. बोटीवर एका साहेबाशी भांडला आणि उतरला. हैदराबादेत एका हॉटेलात राहिला, तिथल्या मालकाशी भांडला आणि एका ट्रकमध्ये बसून उत्तरेला निघाला. पांढरकवड्यापाशी त्याचं ट्रकवाल्याशी वाजलं. मग तो तिथंच उतरला. पांढरकवड्याला खानावळ मिळाली ती अशी. त्याचं खरं नाव फार थोड्यांना माहीत होतं. आमच्याकडे बोट म्हणजे हाताचं. त्यामुळे बोटवाला म्हणजे कुणाची तरी बोटं तोडून पळून आलेला माणूस, असं कित्येकांना खरंच वाटायचं, आणि त्याच्याकडे बघून ते पटायचंही.

आमचा मुलूख ज्वारीचा. भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी आणि ठेचा यांवर वाढलेला माणूस भाताला जेवण समजत नाही. बोटवाल्याकडे भाकर मिळतच नसे. उकड्या तांदळाचा जाड भात, वाटलेल्या खोबऱ्यातलं सुक्या बांगड्याचं सार आणि वर पेलाभर सोलकढी. नारळ आणि तांदूळ आदिलाबादकडून येणारे तेलुगू ड्रायव्हर आणून देत. सुके मासे आणि कोकम त्याच्या भावाकडून पार्सलानं येत. ते पार्सल पोस्टात आलं की पोस्टमास्तर नाकाला रुमाल लावून निरोप पाठवायचे. सोलकढी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, यानं दुधात कुंकू कालवलं. एका शेतकऱ्यानं एकदा भाकर मागितली. बोटवाल्यानं त्याच्या पुढ्यातली ताटली उचलली आणि म्हणाला, "भात खा, नायतर चालाक लाग." शेतकरी गेला. आठ दिवसांनी परत आला आणि मुकाट्यानं भात खाऊ लागला. कारण त्या साराची चव जिभेवरून जात नसे.

तो आमच्या मुलखाचा मनापासून तिरस्कार करायचा. उन्हाळ्यात पत्रा तापला की म्हणायचा, "चारी बाजूंनी नुसती जमीन. माणसानं पळायचं कुठं?" कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या कारखान्याकडून वाऱ्यावर कापसाची भुरी यायची. ती भांड्यात पडली की तो कापूस पिकवणाऱ्यांच्या सात पिढ्या काढायचा. पैनगंगेचा ताजा मासा कुणी प्रेमानं आणून दिला, तर वास घेऊन परत करायचा. गोड्या पाण्यातला मासा म्हणजे शेपटी फुटलेला चिखल, असं त्याचं मत होतं.

मी तिथं जेवू लागलो ते अठ्ठावन्न सालच्या सुमारास. त्याआधी छप्पन साली माझ्या वडिलांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. राळेगावकडच्या आमच्या खेड्यात परत आल्यावर त्यांनी गावकीची कामं सोडली. मेलेलं ढोर ओढायला ते गेले नाहीत, पाटलाची लाकडं फोडायला गेले नाहीत. गावानं मग आमचा किराणा बंद केला, शेतातून जायची वाट बंद केली. पुढच्या उन्हाळ्यात वडील गेले. मी सातवी शिकलेला होतो. मला पांढरकवड्याच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसरची, जखमा धुऊन पट्ट्या बांधायची नोकरी लागली, आणि आईला घेऊन मी तिथल्या आमच्या लोकांच्या नव्या वस्तीत आलो. वस्ती दूर होती. दुपारी घरी जाऊन परत येणं जमत नसे.

गावातल्या चहाच्या हॉटेलात माझ्यासारख्यांसाठी कान तुटलेला एक कप बाहेरच्या खिळ्याला टांगलेला असे. शिवाशिवीविरुद्ध कायदा झाला होता, पण तो त्या खिळ्यापर्यंत पोचला नव्हता. म्हणून बोटवाल्याकडे पहिल्या दिवशी गेलो तो दाराबाहेरच उभा राहिलो. बाहेर कुठं बसू, असं विचारलं. बाहेर कशासाठी बसायचं, हे त्याच्या डोक्यातच शिरलं नाही. मी माझी जात सांगू लागलो, तर तो खेकसला, "तू कोण तां माका नको सांगू. हात दाखव." मी हात दाखवले. "फिनेलचा वास मारतंय. परत धू." मी परत धुतले. मग त्यानं मला एका वकिलाच्या आणि एका सरदारजी ड्रायव्हरच्या मधे बसवलं. भात थोडा ताटलीत राहिला, तर त्यानं मला सगळ्यांसमोर झापलं. वकिलालाही झापलं होतं. त्या दिवशी मला जन्मात पहिल्यांदा इतरांच्या बरोबरीनं शिवी मिळाली, आणि मी दवाखान्यात परतलो तो जवळजवळ पळतच.

वर्षभर मी रोज तिथं जेवलो. या वर्षभरात तो माझ्याशी एकदाही गोड बोलला नाही. नाव विचारलं नाही, 'फिनेल' म्हणूनच हाक मारायचा. एकदा मला दोन दिवस ताप आला होता. परत गेलो तेव्हा, कुठं मेला होतास, असं विचारून त्यानं मासा न घालता नुसता मऊ भात आणि कढी माझ्यापुढे आपटली. त्याच्याकडून मला मिळालेला सगळा जिव्हाळा तो एवढाच.

मग तो दिवस आला. आमच्या खेड्यातल्या पाटलाचा मुलगा वसंतराव कोर्टाच्या कामाला पांढरकवड्याला आला होता. बोटवाल्याच्या साराची कीर्ती ऐकून तो दोन सोबत्यांसह खानावळीत शिरला. हात धुवायला सांगितल्यावर तोंड वाकडं करून त्यानं हात धुतले, बाकाकडे वळला आणि त्याला मी दिसलो. माझा घास हातातच राहिला.

"काहून बे किसन्या," तो म्हणाला, "इथं बसून राह्यला का तू आता?"

आवाज मोठा नव्हता. रागाचाही नव्हता. अंगणात आलेल्या कुत्र्याशी माणूस बोलतो तसा होता. तो पुढे काही बोललाच नाही, त्याची गरजच पडली नाही. माझे पाय आपोआप उभे राहिले. मी ताटली उचलली. बोटवाला चुलीपासून म्हणाला, "बस." मी ऐकलं. तरी बसलो नाही. ताटली दाराशी ठेवली आणि बाहेर पडून सडकेपलीकडच्या बाभळीखाली जाऊन उभा राहिलो. तिथं मला सगळं ऐकू येत होतं.

वसंतराव माझ्या जागेवर बसला असावा. बोटवाल्यानं त्याला काही वाढलं नाही. त्यानं विचारलं तेव्हा बोटवाला म्हणाला, "माझं गिऱ्हाईक जेवणावरनं उठवलंस. आता तू पण ऊठ." वसंतराव हसला. मग आपण कोण ते त्यानं सांगितलं. बोटवाल्यानं उकळत्या साराचा डाव हातात घेतला आणि तो डाव तसाच धरून तिघांना सडकेपर्यंत घालवत आणलं. तिघं जाईपर्यंत तो तिथंच उभा होता. मग त्यानं बाभळीकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलावेल. तो थुंकला आणि आत गेला.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. त्याचे आभार मानायचे असं रात्री ठरवलं होतं. हात धुऊन बसलो. त्यानं माझ्या उजवीकडच्याला वाढलं, डावीकडच्याला वाढलं. माझ्यापुढे काही ठेवलं नाही. मला वाटलं, विसरला. लोक जेवून उठले, दुसरे बसले, त्यांनाही वाढलं. शेवटी मी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "उठून जाणाऱ्याला इथं भात नाय." मी तीन दिवस असा जाऊन बसलो. तिन्ही दिवस तसंच झालं. चौथ्या दिवसापासून आई मला भाकर बांधून देऊ लागली, आणि का ते मला तिला सांगावं लागलं.

इकडे वसंतराव गप्प बसला नव्हता. खानावळीची जागा आणि शेजारची विहीर ज्या दुकानदाराची होती, तो त्याच्या नात्यातला निघाला. विहिरीला कुलूप लागलं. बाजारपेठेत कुणीही बोटवाल्याला पाणी देईना. तेव्हा एका सकाळी तो दोन डबे काठीला अडकवून थेट आमच्या वस्तीच्या विहिरीवर आला. कुणाला विचारलं नाही, आल्या आल्या दोर घेतला. नेमकी आई तिथं होती. तिनं दोराचं दुसरं टोक धरलं.

"माह्या पोराले उपाशी ठेवलं," आई म्हणाली, "अन पाणी आमचंच पाह्यजे का तुमाले?"

"मी नाय ठेवला. तो उठला."

"भेलं पोरगं. तुमी कधी भेले नाही का?"

बोटवाल्यानं दोर सोडला नाही. विहिरीवरच्या बाया गोळा झाल्या. याला पाणी देऊ नका, असं दोघी-तिघी म्हणाल्या. आईनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग तिनं दोर सोडला. "आमाले लोकायनं पाणी नाही म्हटलं, म्हणून आमी कोणाले म्हणावं का?" ती म्हणाली. "भरा. पण माह्याशी बोलू नका." तो बोलला नाही. पुढचे सात-आठ महिने तो रोज यायचा, आई रोज तिथं असायची, आणि दोघं एकमेकांकडे पाठ करून पाणी भरायचे.

आमच्या वस्तीचं पाणी त्याच्या भातात जातं, हे गावभर झालं. वकील यायचे बंद झाले. कारकून, शेतकरी, दुकानांतली माणसं, सारासाठी जीव टाकणारी सगळी गिऱ्हाइकं तुटली. उरले सरदारजी आणि तेलुगू ड्रायव्हर. एकदा पत्र्यावर रात्रीतून शेण फेकलं गेलं. एकदा पिंप फुटलेलं सापडलं. दवाखान्याच्या खिडकीतून मला खानावळ दिसायची. अर्धा बाक रिकामा असायचा. आमच्या वस्तीतल्या चौघांनी ठरवून तिथं जेवायला सुरुवात केली. त्यांना तो वाढायचा, शिव्याही द्यायचा. मी मात्र गेलो नाही. माझ्यापायी हे सगळं ओढवलं आणि मलाच तिथं जागा नव्हती. मला त्याचा राग यायचा. तेव्हा मला वाटायचं, तो राग माझ्यावर झालेल्या अन्यायाचा आहे.

साठ सालच्या उन्हाळ्यात दुकानदारानं जागा खाली करायला लावली. माणसं आणून पत्रे उतरवले. कळल्यावर मी दवाखान्यातून तसाच धावलो. बोटवाला सडकेवर आपल्या भांड्यांमधे उभा होता. हैदराबादच्या बाजूला जाणारा एक ट्रक थांबला होता. वस्तीतली चार माणसं भांडी चढवू लागली, तर तो त्यांच्यावर ओरडत होता, हे असं नको धरू, ते तसं नको ठेवू. मी मोठा टोप उचलला. त्यानं मला अडवलं नाही. दोघांनी मिळून तो ट्रकमध्ये चढवला. आई आली होती, सडकेपलीकडे उभी होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं, काही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी म्हणालो, माझ्यामुळे तुमचं सगळं गेलं. हे वाक्य मी कित्येक महिने जपून ठेवलं होतं.

"तुझ्यामुळे काय नाय," तो म्हणाला. "माझं भांडण माझं." मग पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "त्या दिवशी मी तुला ऊठ म्हटलं होतं?"

"नाही."

"तो म्हणाला होता?"

मी आठवून पाहिलं. वसंतरावही ऊठ म्हणाला नव्हता.

"मग कशाक उठलंस?"

तो थोडा वेळ थांबला, खरंच उत्तर हवं असल्यासारखा. मग वर चढून बसला आणि ट्रक गेला. तो पुढे कुठं उतरला, कुणाशी भांडून उतरला, मला कधी कळलं नाही. येणाऱ्या ड्रायव्हरांना मी दोन वर्षं विचारत राहिलो.

चौसष्ट साली माझी बदली मारेगावला झाली होती. देवीची लस टोचायला आम्ही खेडोपाडी जायचो. एका गावात लस टोचून झाल्यावर तिथल्या मोठ्या शेतकऱ्यानं आम्हा सगळ्या सरकारी माणसांना जेवायला थांबवून घेतलं. शाळेच्या पडवीत पंगत मांडली होती. मी डॉक्टरांच्या शेजारी पत्रावळीसमोर बसलो. यजमान वाकून, अगदी अदबीनं माझ्या कानाशी म्हणाले, "किसनराव, तुमचं पान तिकडं झाडाखाली मांडलं आहे." डॉक्टर पाण्याच्या पेल्याकडे बघत राहिले. माझे पाय हलले. ते मला स्पष्ट जाणवलं. मी दोन्ही हातांनी मांड्या दाबून धरल्या आणि म्हणालो, मी इथं ठीक आहे.

यजमान गेले. वाढप सुरू झालं. माझ्या उजवीकडे वाढलं, डावीकडे वाढलं, माझ्यापुढून वाढपी तसाच गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. उठून जाणं फार सोपं होतं. सगळ्यांचं जेवण होईपर्यंत मी त्या कोरड्या पत्रावळीसमोर बसून होतो. पंगत उठली, तेव्हा सगळ्यांबरोबर उठलो.