पोचल्याचे पत्र

सर पत्र खालून वाचायचे. वही हातात आली की पानाचा वरचा भाग मुडपायचे, सहीवरून अंगठा फिरवायचे आणि मगच वरच्या ओळींकडे वळायचे. "खाली कोण हाय ते आधी बघू. वरचं पुराण मग." दारात उभ्या माणसाला आपणही आधी 'कोण?' असेच विचारतो, त्यामुळे ही पद्धत मला तर्काला धरून वाटत असे. तिचे दुसरे कारण कळायला मला दीड वर्ष लागले.

मानवत गावात एका कापसाच्या आडत दुकानामागे पत्र्याची खोली होती. तिथे सर नववी-दहावीला इंग्रजी शिकवत. हंगामात दारातून कापसाचे तंतू आत तरंगत येत आणि ओल्या शाईवर बसत. सर ते फुंकरीने उडवत आणि राहिले तर तसेच राहू देत.

परीक्षेच्या पत्राखाली स्वतःचे नाव लिहायचे नसते, हे तुमच्याही शिकवणीत बजावले गेले असेल. सरांनी त्यासाठी एक नाव ठरवून टाकले होते. "इथं सगळ्यांनी शैला व्हायचं."

वर्गातला सर्वांत थोराड, मिसरूड फुटलेला विद्यार्थी उभा राहिला. "सर, मी बी?"

"तू बी. मिशीसकट."

तेव्हापासून सायकली काढताना मुले एकमेकांना "शैलाताई, जरा सरका की" म्हणू लागली. सर ते ऐकून हसत. पत्ताही ठरलेला असे. उजव्या कोपऱ्यात खोली क्रमांक चौदा, मुलींचे वसतिगृह. पत्र वडिलांना. विषय दर आठवड्याला बदले, पण पहिले वाक्य सुखरूप पोचल्याचे हवे आणि शेवटचे 'आय होप टू सी यू सून'. त्यातल्या 'टू'वर ते खडू आपटत. "नुसतं 'टू सी' म्हटलं तर कोण बघायलंय, कवा बघायलंय, काही पत्ता लागत न्हाई. त्याला आधी एक 'मी' लागतो, अन् त्या 'मी'ला आशा लागती." माझ्या ऐकिवातले व्याकरण एवढेच, आणि ते मी कधी विसरले नाही.

मी प्रश्न विचारणारी मुलगी होते. प्रयोगात एखादी गोष्ट स्थिर ठेवायला कारण लागते. मी विचारले, "सर, नाव आणि पत्ता कधीच का बदलत नाही?"

"ते गणिताच्या मास्तरला विचार," सर म्हणाले.

उत्तर काकूंकडून मिळाले. सरांच्या पत्नी वर्गात पाण्याची घागर भरून ठेवायला येत. एकदा सर बाहेर गेले असताना त्यांनी माझी वही उचलली, सहीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "आमच्या शैलीला एवढं इंग्रजी कुठं येत व्हतं गं!" मग हळू आवाजात सारे सांगितले. मुलगी नर्सिंग शिकायला बाहेरगावी गेली होती. बसमध्ये बसताना सर तिला म्हणाले होते, पोचल्याचं पत्र टाक, तुझं इंग्रजी बघू. आठव्या दिवशी तिच्या तापाचा निरोप आला आणि सर पोचेपर्यंत ती गेली होती. पत्र तेवढे आले नाही. खोलीतही सापडले नाही. "त्यांना काही म्हणू नको बाई," काकू म्हणाल्या. "आठवड्याला तीस पत्रं येत्यात त्यांना."

पुढच्या पत्राखाली मी माझे नाव लिहिले. सरांनी पान मुडपले, अंगठा ठेवला आणि तो हलला नाही.

"पेपर बाद," ते म्हणाले. मग इतरांना ऐकू जाणार नाही असे, "लिही की पोरी. एकच तर शब्द हाय."

मी लिहिला. इथे दयेचे श्रेय मी घेणार नाही. मला दहापैकी साडेनऊ मिळत आणि तो अर्धा गुण हवा होता. म्हणून मी तपशील रचू लागले. वसतिगृहाच्या पाण्याला औषधाचा वास येतो. शेजारच्या खाटेवरची मुलगी झोपेत मोठ्याने आकडे म्हणते. खिडकीच्या गजाला टॉवेल बांधला की तो संध्याकाळपर्यंत वाळतो. माझी वही सर सर्वांत शेवटी उघडू लागले. अर्धा गुण त्यांनी कधीच दिला नाही. "अजून थोडं राहिलंय," असे म्हणत.

बारावीनंतर मी विज्ञान शिकायला संभाजीनगरला निघाले, तेव्हा सर म्हणाले, "पोचल्याचं पत्र टाक. फोन नको. फोनवर माणूस हॅलो म्हणतं अन् संपतं. कागद ऱ्हातो."

मी तीन आठवडे टाळले. शेवटी प्रयोगशाळेतून परतल्यावर, जेवणाच्या घंटेआधी, जर्नलच्या पानावर घाईत इंग्रजी पत्र लिहिले आणि न वाचता पेटीत टाकले.

आठवड्याभरात एका दुपारी वसतिगृहाचा रखवालदार जिन्याखालून ओरडला, "शैला कोण हाय? वडील आलेत!" मी सज्ज्यातून पाहिले. फाटकापाशी सर उभे होते. एका हातात कापडी पिशवी होती, दुसऱ्या हातात माझे पान. ते वरून मुडपलेले होते आणि सर रखवालदाराला फक्त खालची सही दाखवत होते.

माझ्या हाताने सवयीने काय लिहिले, ते मला तेव्हा कळले.

मी खाली धावले. "सर, ते पत्र माझं आहे. माझी चूक झाली."

"अक्षर तुझंच हाय. मला काय कळंना का?" सर शांतपणे म्हणाले. "पण सही तिची हाय. दोन दिवस घरात बसवंना. म्हटलं, एकदा येऊन बघावं."

सरांनी पिशवी माझ्या हातात दिली. तिच्यात काकूंनी दिलेल्या धपाट्यांचा डबा होता. मग त्यांनी मान वर केली. "चौदा नंबर कोणता?"

मी दुसऱ्या मजल्यावरची खिडकी दाखवली. गजाला निळा टॉवेल बांधलेला होता. आम्ही पाहत असतानाच आतून एक हात आला, त्याने गाठ सोडली आणि टॉवेल आत ओढून घेतला. चेहरा दिसला नाही.

सरांनी हातातले पान घडी घालून खिशात ठेवले.

"पोचली म्हणायची," ते म्हणाले आणि बसथांब्याकडे चालू लागले.

नऊ दिवसांनी बाबांचा फोन आला. सर झोपेतच गेले होते.

त्याच्या दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या टपालाच्या टेबलावर एक पाकीट आले. ते तिथे महिनाभर पडून राहिले, शेवटी मीच उचलले. या नावाची मुलगी इथे नाही, असे खोली चौदामधल्या मुलींनी सांगितले होते. वर सरांच्या हातचे गोल, सावकाश अक्षर होते. कुमारी शैला, खोली क्रमांक चौदा.

आता मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते. कोणताही नमुना उघडून तपासल्याशिवाय मी निष्कर्ष लिहीत नाही. हे पाकीट मात्र चार घरे बदलून माझ्याबरोबर आले आहे आणि मी ते उघडलेले नाही. ते माझ्या नावाचे नाही. कधी कधी उजेडासमोर धरते. आतला कागद एकच आहे, एकदा घडी घातलेला. काय लिहिले आहे ते दिसत नाही. झाकणाच्या डिंकात अडकलेला कापसाचा एक तंतू तेवढा दिसतो.