तिसऱ्या सुराची फजिती

शिरूरच्या चांदभाईंनी तीस वर्षं बँडमध्ये क्लॅरिनेट फुंकलं, पण नोटेशनची शाळा काही पाहिली नाही. दुसरं क्लॅरिनेट भाचा इम्तियाजकडं. त्याच्या कागदावर ते नुसता '३' लिहायचे. म्हणजे मी ज्या सुरावर, तिथून तिसरा सूर तू धर. मोजायचा कसा? "तिजा मोजतो तसा," ते सांगायचे. "मयताचा दिस पयला, तसा माझा सूर पयला." सा पयला, रे दुसरा, ग तिसरा. संपली विद्या!

नव्व्याण्णव साली रांजणगावच्या एका फ्रेंच कंपनीला पाच वर्षं झाली, आन् पोपटराव उगवले. न्हावऱ्याच्या बागायतदाराचे चिरंजीव, कंपनीत पर्सोनेल ऑफिसर. पुण्यात सहा महिने फ्रेंचचा क्लास काय केला, गड्याचे पाय जमिनीला लागंनात. गेटवर फलक लावला '5e', म्हणजे फ्रेंचमध्ये 'पाचवा' वर्धापनदिन, त्यातला e बारका, पाचाच्या डोक्यावर बसवलेला. वॉचमननं भाबडेपणानं विचारलं, "साहेब, th ऱ्हायला का?" तर म्हणे, th गावंढळ लोक लिहितात!

फ्रान्सचे मोठे साहेब यायचे होते. त्यांच्यासमोर त्यांच्याकडची एक धून वाजवायची. जमली तर दरवर्षीची सुपारी चांदभाईंची. तालमीला पोपटरावांनी इम्तियाजचा कागद चिमटीत धरला. "नुसता तीन? साहेब हसतील हो." दुसऱ्या दिवशी गुळगुळीत कार्ड छापून आणलं. तिनाच्या जागी ऐटीत '3ce', म्हणजे फ्रेंचमधला 'tierce', तिसरा सूर, आणि खाली प्रत्येक सूर मांडलेला. "सा सोडायचा. मग एक, दोन, तीन. म्हणजे म!"

अरे दीडशहाण्या, तो चौथा! घरचा तिजा चौथ्या दिवशी घालतोस का रे? हे सगळं चांदभाई मनात बोलले. तोंडानं म्हणाले, "व्हय साहेब."

"मामा, चुकीचं हाय ह्ये," इम्तियाज कुजबुजला.

"गप. लिवलंय तसं वाजीव. सुपारी त्यांची हाय."

आणि कार्यक्रमात तसंच वाजवलं. सुरुवात कशीबशी निभावली. पुढं चांदभाई म वर आले, इम्तियाजचा नी त्यावर असा घासला, की पहिल्या रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. फ्रेंच साहेब बुटाकडं बघत बसले. पोपटराव त्यांच्या कानाला लागले आणि चांदभाईंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "लोकल बँड, सर. नो नॉलेज."

घरी येऊन चांदभाईंनी पोपटरावाची नक्कल केली, त्याच्या क्लासची, कार्डाची, सात पिढ्यांची उणीदुणी काढली. त्यांच्या बायकोनं, नूरबीनं, भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेतलं.

"त्याला सूर कळत न्हाई, त्यानं चुकीचं लिवलं," ती म्हणाली. "तुमाला तर कळत व्हतं. मग वाजवलं कुनी?"

चांदभाईंचं ताट वाढलं होतं, ते तसंच राहिलं.