क्रश म्हंजे काय

आमच्या हॉस्टेलच्या रेक्टर बाईंना इंग्रजीची भारी हौस. मेसमधल्या पातळ डाळीलाही त्या 'करी' म्हणायच्या. तेवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण पोरी माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला चिडवत होत्या ते त्यांनी ऐकलं आणि लगेच तिच्या वडलांना फोन लावला, "तुमच्या मुलीला क्रश झालाय. लक्ष घाला."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ते लातूरला हजर. त्यांचं गाव औशाकडचं, भूकंपात सपाट झालेलं. बायको त्यात गेली, कडेवरची ही लेक तेवढी वाचली. तिला डॉक्टर करायचं म्हणून त्यांनी क्लासला घातलं होतं, आणि ती हुशारही होती, माझ्यापेक्षा लई. हॉस्टेलच्या पायरीशी उभं राहून ते तिला एवढंच म्हणाले, "सामान बांध." ती रडायलाच लागली. मग ते माझ्याकडं वळले.

"माय, तू उदगीरची, इंग्रजी शाळंतली. सांग बरं, क्रश म्हंजे काय? रोग हाय का पोरगं हाय?"

आता आली का पंचाईत! आमच्या खोलीत हे सगळं अगदी पक्कं ठरलेलं होतं. 'लाइक' कुणीही कुणालाही करावं, त्यात काही नाही. क्रश मात्र लांबूनच, त्याला पत्ता लागू न देता. लव्हचं तर दार लावल्याशिवाय नावही काढायचं नाही. हिचा क्रश म्हणजे टेस्टमध्ये कायम पहिला येणारा मुखेडचा एक मुलगा. तो फळ्याकडं बघायचा, ही त्याच्याकडं. बास, संपलं. पण हे मराठीत सांगू कसं?

"काका, म्हणजे... आवडतो नुसता."

"आवडतो?" त्यांचा चेहराच उतरला.

"नाही, तसं आवडणं नाही. लांबून. थोडं मन बसलंय—"

"मन बसलंय!"

देवा रे! तोंड उघडावं तसं मीच तिला खोलात ढकलत होते. "लव्ह नाही काका, शप्पथ," मी म्हणाले, तर ते म्हणाले, "म्हंजे गोष्ट लव्हपर्यंत आली."

"ते एकदाही बोलले नाहीत हो एकमेकांशी!" मी रडकुंडीला आले.

ते पायरीवर बसले. मग म्हणाले, "हिच्या मायला म्या लग्नाआधी बघितलं बी नव्हतं. आवडती म्हणून कधी बोललो न्हाई. भूकंपात ह्याच हातांनी माती उकरून काढली तिला. त्याला काय म्हणतेत गं तुमच्या इंग्रजीत?"

तेवढ्यात ती ट्रंक ओढत बाहेर आली.

"माझं एकच लेकरू हाय. न्हाई ठिवत म्या हितं," म्हणून त्यांनी ट्रंक उचलली.

मी स्टँडवर सोडायला गेले. मला नुसता राग येत होता, रेक्टरचा, त्यांचा, माझ्या तोंडाचा, आणि करता काहीच येत नव्हतं. वडील पुढं जाऊन बसले. तिनं खिडकीतून माझा हात धरला.

"एक खरं सांग. त्याला माझं नाव तरी माहीत हाय का गं?"

ही वर्गात आहे हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं.

"हाव, माहीत आहे की," मी म्हणाले. ती डोळे पुसून हसली, आणि गाडी सुटली.