नयना फणसेंनी कॅमेरा खाली ठेवला

मांजलपूरच्या नयना फणसे लग्नाचे व्हिडिओ करायच्या. पंधरा वर्षांत बडोद्यातल्या कितीतरी मराठी आणि गुजराती घरांतली कार्यं त्यांनी टिपली होती. केयूर नावाच्या एका तरुणाच्या बहिणीचं लग्नही त्यांनीच टिपलं होतं. त्या व्हिडिओत मांडवामागे रुसून बसलेली करवली, स्वयंपाक्याशी वाद घालणारे काका, सगळं होतं. ते पाहून २०१२च्या मार्चमध्ये केयूर त्यांच्याकडे आला.

केयूर 'भट्टी' नावाच्या हेवी मेटल बँडमध्ये गायचा आणि गिटार वाजवायचा. जूनमध्ये बंगळूरच्या मोठ्या महोत्सवात त्यांना वाजवायचं होतं. तोवरच्या तयारीवर त्याला एक माहितीपट हवा होता.

"नयनाबेन, स्टेजवरचं कोणीही काढेल," तो म्हणाला. "आमच्यात जे होतं ते काढा. चांगलं, वाईट, सगळं."

नयनाताईंनी असलं संगीत आयुष्यात ऐकलं नव्हतं. डभोई रोडवरच्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये पहिल्या दिवशी त्यांना गाणं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं तेही कळेना. पण माणसं त्यांना लगेच कळली. चौघांमध्ये केयूर आणि ड्रमवाला मुकुंद जुने दोस्त. बँड या दोघांनीच काढलेला. मुकुंद प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होता. ड्युटी संपली की सायकलवरून थेट तालमीला यायचा.

एप्रिल उजाडेपर्यंत दोघांत बिनसायला लागलं. मुकुंदचा ठेका सुटायचा. केयूर गाणं थांबवायचा, परत सुरू करायचा, परत थांबवायचा. "लक्ष कुठे असतं तुझं?" तो विचारायचा. मुकुंद नुसती मान हलवायचा आणि काठ्या उचलायचा. बाकीचे दोघे खाली बघत तारा जुळवत बसायचे.

एका दुपारी घरी चित्रण तपासताना नयनाताईंना एक गोष्ट खटकली. मागून कोणीतरी मुकुंदकडे पाण्याची बाटली मागत होतं. दोनदा, तीनदा. मुकुंद वळला नाही. त्यांनी तीन आठवड्यांचं चित्रण परत काढलं. समोरून बोललेल्या प्रत्येक शब्दाला तो उत्तर देत होता. मागून बोललेल्या एकालाही नाही. आणि वाजवताना त्याची नजर केयूरच्या ताल धरणाऱ्या उजव्या पायावर खिळलेली असायची. केयूर भिंतीकडे वळला की ठेका सुटायचा.

दुसऱ्या दिवशी त्या कॅमेरा न घेता रेल्वे क्वार्टर्समध्ये गेल्या. मुकुंदच्या बायकोने, दुर्गाने, दार उघडलं. नयनाताईंनी त्याच्या समोर बसून, सावकाश विचारलं, "मुकुंद, तुला ऐकू येत नाही ना?"

त्याने दुर्गाकडे पाहिलं. दुर्गाच म्हणाली, "दिवाळीपासून कमी झालंय, ताई. डॉक्टर म्हणाले वाजवणं बंद करा, नाहीतर आहे तेही जाईल."

"बंगळूर होऊ द्या," मुकुंद म्हणाला. त्याचा आवाज इतका मोठा होता की दुर्गाने शेजारच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तो हळू झाला. "मग मीच सांगेन केयूरला. तोवर तुम्ही बोलू नका. शब्द द्या."

नयनाताईंनी शब्द दिला आणि त्यांची झोप उडाली. दर तालमीत त्याचे कान आणखी जात होते आणि त्या ते टिपत उभ्या होत्या. एकदा त्यांनी केयूरला सहज सुचवल्यासारखं म्हटलं, आवाज जरा कमी ठेवा. तो हसला. मुकुंदने मात्र त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या पुन्हा काही बोलल्या नाहीत.

मेच्या पहिल्या रविवारी सकाळी केयूर तालमीला लवकर आला. "आज मुकुंदला काढतोय," त्याने सांगितलं. "दुसरा ड्रमवाला बघितलाय. तुम्ही शूट करा."

मुकुंद आला आणि पाठमोरा बसून ड्रमचे स्क्रू आवळू लागला. केयूर त्याच्या मागे जाऊन उभा राहिला. नयनाताईंच्या कानांवर हेडफोन होते, त्यामुळे त्यांना एकेक शब्द ऐकू आला.

"मुकुंद, शुं थयुं छे तने?" केयूर अगदी हळू म्हणाला. "कहे ने."

मुकुंद स्क्रू आवळत राहिला. काय झालंय ते केयूरने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना त्याचा आवाज कापला. मग त्याचा चेहरा बदलला. त्याला वाटलं, हा मुद्दाम गप्प बसलाय. तो ओरडला, आणि तरीही मुकुंद वळला नाही तेव्हा त्याने मागून त्याची कॉलर धरून खेचली. मुकुंद स्टुलावरून खाली आला. उठला तो हातात लोखंडी स्टँड घेऊनच.

नयनाताईंनी कॅमेरा जमिनीवर ठेवला आणि दोघांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

"त्याला ऐकू येत नाही," त्या केयूरला म्हणाल्या. "सहा महिने झाले. तुझा पाय बघून वाजवतो तो."

बाजूने दिसणारे त्यांचे ओठ मुकुंदने वाचले. स्टँड खाली ठेवला. "तुम्ही शब्द दिला होता," एवढंच म्हणाला आणि सायकल काढून निघून गेला. केयूर जागचा हलला नाही.

'भट्टी' दुसरा ड्रमवाला घेऊन बंगळूरला गेली, वाजवून आली आणि पावसाळा संपायच्या आत फुटली. केयूरने मुकुंदला फोन केले, ते अर्थातच दुर्गानेच उचलले. मुकुंदला त्याचं तोंड बघायचं नव्हतं. वर्कशॉपात सगळं कळलं. त्याला मशीनवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. कानाला यंत्र आलं.

माहितीपट पुरा झाला तेव्हा नयनाताईंनी तो सगळ्यांत आधी मुकुंदकडे नेला. "तुला नको असेल ते मी काढून टाकेन," त्या म्हणाल्या. त्याला वाचता यावं म्हणून प्रत्येक वाक्य त्यांनी खाली मराठीत टाइप केलं होतं.

तो लॅपटॉपसमोर हाताची घडी घालून बसला. त्या रविवारचा प्रसंग आला. पडद्यावर त्याची पाठ, मागे केयूर, आणि खाली अक्षरं: 'मुकुंद, काय झालंय तुला? सांग ना.'

"थांबवा," तो म्हणाला. "हे ओरडायच्या आधीचं?"

"हो. तीनदा विचारलं त्याने."

त्याने तेवढा भाग पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा. नंतर खुर्चीतून उठून तो खिडकीशी गेला. दुर्गा काही बोलणार होती, नयनाताईंनी तिला हाताने थांबवलं.

"तुम्ही सांगायला नको होतं," तो पाठमोराच म्हणाला. "मी सांगणार होतो."

नयनाताई उठल्या, फिरून त्याच्या समोर गेल्या. "कधी?" त्यांनी विचारलं.

त्याने खिशातून फोन काढला आणि केयूरला मेसेज लिहिला: रविवारी घरी ये, समोर बसून बोल.

माहितीपटातलं काहीच कापायला त्याने सांगितलं नाही. केयूर रविवारी दहालाच आला. दार दुर्गाने उघडलं, आणि दोघांना आत बसवून ती चहा टाकायला गेली.